नाताळची भाषा

नाताळ हा शब्द मूळचा मराठी नाही. शाळेत असताना वर्गात हे सांगितलं की मुलं चमकायची. पोर्तुगीज ‘नाताल’वरून तो आला. पाद्री, क्रूस, मिस्सा, फेस्त हेही तिकडचेच पाहुणे, पुढे घरचे झालेले. आमच्या सामवेदी ख्रिस्ती समाजाला वसईत ‘कुपारी’ म्हणतात, तोही पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’चाच अवतार. मुलाचा बाप आणि मुलाचा धर्मपिता यांच्यातलं नातं, असा त्याचा अर्थ.

शब्द बाहेरून आले, सण मात्र इथल्याच मातीत रुजला. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली. नंदाखालचं पवित्र आत्म्याचं चर्च १५७३ सालचं. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीज सत्ता गेली, तिच्याबरोबर परदेशी पाद्रीही गेले. गावं मात्र ख्रिस्तीच राहिली. राजा बदलला तरी डिसेंबरात गोठा मांडायचं कुणी थांबवलं नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. हे सारं लिहायचं कारण मात्र वेगळं आहे. इतकी वर्षं हा सण आम्ही कोणत्या भाषेत साजरा केला, हा प्रश्न हल्ली माझ्या मनात घोळतो आहे.

ख्रिस्ती नसलेल्या ब्लॉगर मित्रमैत्रिणींसाठी थोडी माहिती आधी देते. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी तो सुरू होतो. हा वाट पाहण्याचा काळ. याजकाचा झगा जांभळा, तिसऱ्या रविवारी गुलाबी चालतो. हिरव्या फांद्यांच्या चक्रात चार मेणबत्त्या असतात, दर रविवारी एक जास्त पेटवायची. मिस्सात एरवी गायलं जाणारं ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत या रविवारी गात नाहीत, ते राखून ठेवायचं नाताळच्या मध्यरात्रीसाठी. घराघरांत बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन चांदण्या तयार होतात. ताटल्यांत नाचणी किंवा गहू पेरायचे, म्हणजे गोठ्यासमोर हिरवंगार शेत तयार! गव्हाणी मात्र रिकामी. बाळ ठेवायचं ते मध्यरात्रीच. पापनिवेदनाच्या रांगा, गायनवृंदाच्या तालमी, फुगे आणि इंद्याल यांची तयारी, हे सगळं याच दिवसांतलं.

माझ्या लहानपणी मध्यरात्रीचा मिस्सा लॅटिनमध्ये होई. याजक आमच्याकडे पाठ करून वेदीकडे तोंड करून उभे. घरात आम्ही कादोडी बोलायचो, शाळेत मराठी शिकायचो आणि चर्चमध्ये लॅटिन ऐकायचो. प्रवचन आणि सूचना तेवढ्या मराठीत. आजीला लॅटिन उत्तरं तोंडपाठ, अर्थ विचाराल तर हसून गप्प बसायची. ग्लोरिया सुरू झालं की सगळ्या घंटा एकदम वाजायच्या. तो क्षण मात्र कळायला भाषा लागत नसे.

आता गंमत बघा. त्याच्याही साडेतीनशे वर्षं आधी एका परदेशी माणसाने ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत सांगून ठेवली होती! फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि साष्टीत काम करू लागला. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. सुमारे ११,००० ओव्या. दोन भाग, पहिल्यात ३६ अध्याय आणि दुसऱ्यात ५९. पहिला भाग म्हणजे जुना करार, तारणारा येण्याआधीची दीर्घ प्रतीक्षा. दुसऱ्यात त्याचा जन्म आणि पुढचं चरित्र. म्हणजे पहिलं पुराण हा एक भला मोठा आगमनकाळच म्हणा ना. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना पुराण ऐकायची सवय होती, तेव्हा त्यांना त्यांच्याच वळणाचा ग्रंथ द्यावा हा त्यामागचा विचार.

मात्र हे मराठी पुस्तक छापलं गेलं रोमन लिपीत. देवनागरीचे खिळे पाडणं तिथे जमलं नव्हतं. भाषा ज्ञानदेवांची आणि अक्षरं लॅटिनची, असा तो योग.

पुढे काळ बदलला. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढलं, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. असं फर्मान काढून लोकांची भाषा जाते थोडीच! पण ज्या चर्चने एकेकाळी देशी भाषेत ग्रंथ छापले, तिथे त्या भाषेचा मान मात्र गेला. ख्रिस्तपुराणाच्या जुन्या छापील प्रती नाहीशा झाल्या. ग्रंथ वाचला तो घरांमुळे. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने उतरवलेली बाडं जपली, पिढ्यानपिढ्या वाचली. त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला, तोही रोमन लिपीतच. देवनागरीत छापील ख्रिस्तपुराण यायला १९५६ साल उजाडलं, ते शांताराम बंडेलू यांच्यामुळे.

तोवर प्रॉटेस्टंट मंडळी आमच्या कितीतरी पुढे गेली होती. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये गेले, तोपर्यंत त्यांची मराठी भजनं त्यांच्या उपासनेत रुळलीही होती. कॅथलिकांची वेदी मात्र लॅटिनच बोलत होती.

मग आली दुसरी व्हॅटिकन परिषद. यातल्या तारखा मी मुद्दाम पडताळून पाहिल्या आणि चकित झाले. उपासनेत लोकभाषेला वाव देणारा दस्तऐवज जाहीर झाला ४ डिसेंबर १९६३ रोजी, म्हणजे आगमनकाळाच्या पहिल्याच आठवड्यात. पुढच्या वर्षी २ ते ५ डिसेंबरला पोप पॉल सहावे युखॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईत आले, तोही आगमनकाळच. तिथे वेगवेगळ्या धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली. आणि मिस्साचा नवा विधी अमलात आला ३० नोव्हेंबर १९६९ रोजी, तो दिवस आगमनकाळाचा पहिला रविवार! मराठीला वेदीवर यायला साडेतीनशे वर्षं वाट पाहावी लागली, आणि ती आली ती वाट पाहण्याच्याच ऋतूत.

आम्हा शाळकरी मुलांना याचा कोण आनंद! याजक आमच्याकडे तोंड करून आमच्या पुस्तकातल्या भाषेत प्रार्थना म्हणतात, हे नवलच होतं. आजीला मात्र ते रुचलं नाही. देवाशी बाजारातल्यासारखं काय बोलायचं, असं ती म्हणायची. तिचंही खोटं नव्हतं. तिला लॅटिन कळत नसलं तरी तीच तिची प्रार्थनेची भाषा होती. शिवाय चर्चमध्ये आलेली मराठी पुस्तकी, तिची बोली कादोडी. पण दोन-तीन नाताळ गेले आणि मराठी गाणी तीच सर्वांत मोठ्याने म्हणू लागली.

पुढे वसईने या मराठीचं सोनं केलं. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये आलं, आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले तेव्हा हळहळणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे वाचक होते.

आता मूळ मुद्द्यावर येते. माझा नातू इंग्रजी माध्यमात शिकतो. आगमनकाळातल्या एका रविवारी त्याला चर्चमध्ये यशयाच्या ग्रंथातलं पहिलं वाचन करायचं होतं. मराठीतलं. घरी सराव करताना त्याच्या हातात मोबाइल दिसला, म्हणून डोकावले. संपूर्ण उतारा त्याने रोमन अक्षरांत लिहून घेतला होता. उच्चार स्वच्छ, ‘ळ’सुद्धा बरोबर! पण डोळे रोमनवर.

मराठी शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईला काय वाटलं असेल ते तुम्ही ओळखा. १६१६ मध्ये खिळे नव्हते म्हणून मराठी रोमनमध्ये छापली. आज प्रत्येकाच्या खिशात देवनागरी आहे, तरी पोरगा रोमनकडे वळतो.

पण रात्री पुन्हा विचार केला. रोमन लिपीने ख्रिस्तपुराण मेलं नाही. मंगळूरच्या त्या घरांनी ज्या अक्षरांत जमलं त्या अक्षरांत ते उतरवलं आणि मोठ्याने वाचलं. म्हणूनच उरलं. छापील प्रती संपल्या, पण घरात वाचणारा आवाज टिकला. माझा नातू निदान वाचायला उभा तरी राहतो. बरोबरीची कितीतरी मुलं इंग्रजी मिस्साची वेळ विचारून मोकळी होतात. उद्या मराठी वाचनाला कुणी उरलंच नाही, तर लिपीचं लोणचं घालायचं का?

तेव्हा त्याला रागावले नाही. रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं बसतो. उतारा तोच, पण देवनागरीत, मोठ्या अक्षरांत मी लिहून ठेवते. जोडाक्षराशी अडखळला की मोबाइलकडे बघतो, मी बघू देते.

आणि नातेवाईक मंडळी, विशेषतः कॅनडा-ऑस्ट्रेलियाला असलेली, तुम्हाला एक विनंती. जुन्या घरातल्या पेट्या, फडताळं आवरताना आजी-आजोबांची प्रार्थनापुस्तकं, हाताने उतरवलेल्या नाताळगीतांच्या वह्या सापडल्या तर रद्दीत टाकू नका. फोटो काढून मला पाठवा, अक्षर कोणतंही असो. आणि पाठवण्याआधी एकदा मुलांना मोठ्याने वाचून दाखवा.

सर्वांना नाताळच्या शुभेच्छा.