वाहनातील बिनतारी संदेशवहन : सोलापूर व परिसर

चालत्या अथवा रस्त्यात थांबलेल्या वाहनातून रेडिओ तरंगांच्या साहाय्याने दुसऱ्या वाहनाशी किंवा स्थिर केंद्राशी दुतर्फी संभाषण करण्याच्या व्यवस्थेस वाहनातील बिनतारी संदेशवहन म्हणतात. बोलण्यात तिला नुसते 'वायरलेस' म्हणण्याचा प्रघात आहे. आकाशवाणीचे कार्यक्रम ऐकण्यासाठी मोटारीत बसविलेला रेडिओ हा केवळ ग्राही असतो. येथे अभिप्रेत असलेल्या संचात ग्राही व प्रेषक एकाच पेटीत असतात. बोलताना मायक्रोफोनवरील कळ दाबावी लागते व ऐकताना ती सोडावी लागते. एका वेळी एकानेच बोलावयाचे आणि त्या कंप्रतेवर (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येवर) संच लावलेल्या सर्वांनी ते ऐकावयाचे, हे ह्या साधनाचे वैशिष्ट्य असून दूरध्वनीहून ते वेगळे ठरते ते ह्यामुळेच.

सोलापूर येथे पुणे–हैदराबाद रस्त्यास विजापूरकडून व धुळ्याकडून येणारे मोठे रस्ते मिळतात. ह्या रस्त्यांवरून वाहनातील बिनतारी संच गेले ते प्रथम लष्कराच्या व नंतर पोलिसांच्या गाड्यांतून. शहराच्या चादरी, टॉवेल व सूत वाहून नेणाऱ्या मालमोटारींत मात्र ते कधी बसले नाहीत. ह्याचे कारण तंत्रविद्येपेक्षा कायद्याच्या इतिहासात अधिक सापडते.

पूर्वपीठिका : गूल्येल्मो मार्कोनी ह्यांनी १९०१ मध्ये इंग्लंडमध्ये एका वाफेच्या गाडीवर बिनतारी यंत्रणा बसवून पाहिली होती, परंतु जहाजावर जे साधन झपाट्याने रुळले ते रस्त्यावरील वाहनात रुळण्यास आणखी तीस वर्षे लागली. वाहनात जागा थोडी, विद्युत् घटमालेची शक्ती मर्यादित आणि हादरे सततचे. त्याहून मोठी अडचण एंजिनाचीच होती. पेट्रोल पेटविणाऱ्या ठिणग्यांमुळे निर्माण होणारे रेडिओ तरंग ग्राहीत शिरून खरखर उत्पन्न करीत. अमेरिकेतील डिट्रॉइट शहराच्या पोलिसांनी १९२८ मध्ये गस्तीच्या मोटारींत ग्राही बसविले. पण ही सोय एकतर्फी होती. हुकूम ऐकू येई, उत्तर द्यावयाचे तर जवळचा दूरध्वनी शोधावा लागे. न्यू जर्सी राज्यातील बेयॉन येथे १९३३ मध्ये पोलिसांच्या मोटारींतून दुतर्फी संभाषण सुरू झाले. कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी १९४० च्या सुमारास कंप्रता-विरूपण पद्धतीचा अवलंब केला. ठिणग्यांचा उपद्रव मुख्यतः तरंगांच्या परमप्रसरावर (कंपनाच्या कमाल मर्यादेवर) होतो. संदेश कंप्रतेतील फरकावर स्वार केल्यास तो ह्या उपद्रवापासून बराचसा मुक्त राहतो. दुसऱ्या महायुद्धात ह्या सुधारणांना वेग आला.

भारतातील कायदा : १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तारयंत्रे उभारण्याचा व चालविण्याचा एकाधिकार शासनाकडे ठेवला. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाने त्याच्या पुढचे पाऊल टाकले आणि परवान्यावाचून बिनतारी उपकरण नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरविला. घरातील साध्या ग्राहीलादेखील पोस्टातून परवाना काढावा लागे व ही पद्धत १९८० नंतरच्या दशकापर्यंत टिकली. ग्राहीची ही कथा, मग प्रेषकाची काय असणार! दुसरे महायुद्ध सुरू होताच हौशी रेडिओचालकांचे प्रेषणही बंद करण्यात आले. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ४२.३४ मीटर तरंगलांबीवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला, तेव्हा त्याचा माग काढण्यासाठी पोलिसांनी दिशाशोधक ग्राही बसविलेल्या गाड्या शहरात फिरविल्या. केंद्राची जागा वरचेवर बदलत ठेवूनही १२ नोव्हेंबर १९४२ रोजी हा रेडिओ पकडला गेला. वाहनातील रेडिओचा मुंबईतील हा एक आरंभीचा उपयोग. त्यात वाहन बोलत नव्हते, ऐकत होते. प्रेषक हे शासनाने स्वतःजवळ ठेवावयाचे किंवा पारखून द्यावयाचे साधन आहे, ही धारणा परकीय राजवटीबरोबर गेली नाही. दोन्ही कायदे स्वातंत्र्यानंतरही चालू राहिले.

१९४८ ची मोहीम : सोलापूरच्या रस्त्यावर वाहनातील बिनतारी संचांचा मोठ्या प्रमाणावर उपयोग झाला तो हैदराबाद संस्थानाविरुद्धच्या कारवाईत. 'पोलीस कारवाई' असे तिचे नाव रूढ असले, तरी ती सैन्याची मोहीम होती. दक्षिण विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल महाराज राजेंद्रसिंहजी ह्यांच्या अधिपत्याखाली तिचा मुख्य रोख सोलापूरकडून व दुसरा विजयवाड्याकडून ठेवण्यात आला. सोलापूरच्या बाजूचे नेतृत्व मेजर जनरल जयंतनाथ चौधरी ह्यांच्याकडे असून त्यांच्या हाताखाली पहिली चिलखती डिव्हिजन होती.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे सैन्याने सरहद्द ओलांडली. सोलापूरच्या पूर्वेस सु. ४५ किमी.वरील नळदुर्ग येथे बोरी नदीवरील पूल हैदराबादच्या फौजेने उडविला असता, तर रणगाड्यांची वाट तेथेच अडली असती. सातव्या ब्रिगेडने अचानक व वेगाने मुसंडी मारून तो शाबूत हस्तगत केला आणि दुसऱ्या शीख पलटणीने नळदुर्ग येथील ठाण्यांवर हल्ला चढविला. चिलखती तुकडी सकाळी नऊच्या सुमारास पुढील जळकोट गावी होती आणि दुपारी सव्वातीनपर्यंत आघाडीची वाहने उमरग्यास, म्हणजे संस्थानाच्या हद्दीत सु. ६१ किमी. आत पोहोचली होती. दुसऱ्या दिवशी राजेश्वर आणि त्यापुढे जहीराबादच्या रस्त्यात पेरलेल्या सुरुंगांमुळे मंदावलेली वाटचाल, असा हा प्रवास झाला.

एकाच रस्त्यावरून, आघाडीच्या रणगाड्यापासून मागच्या रसदीच्या मोटारींपर्यंत मैलोगणती पसरलेले असे दल तारेवर किंवा दूतांवर विसंबून चालविता येत नाही. त्या काळी राष्ट्रकुलातील चिलखती दलांत १९ क्रमांकाचा संच प्रमाण मानला जाई. त्याची रचना सांगण्याजोगी आहे. त्यात वस्तुतः तीन साधने एकत्र केलेली होती : २ ते ८ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचा एक संच, ज्याने रेजिमेंटच्या मुख्य ठाण्याशी सु. १५ किमी.पर्यंत बोलता येई, सु. २३० मेगॅहर्ट्‌झचा दुसरा, अगदी आखूड पल्ल्याचा संच, ज्याने शेजारच्या रणगाड्यांशी आपसांत बोलावयाचे. आणि रणगाड्याच्या गडगडाटात चालक, तोफची व नायक ह्यांना एकमेकांचे ऐकू यावे म्हणून आतल्या आत बोलण्याची तारयुक्त सोय. दूरवर पोहोचणारा संच शत्रूसही ऐकू येतो, म्हणून जवळच्या बोलण्यासाठी जवळच विरून जाणारे तरंग वापरण्याची ही युक्ती होती. संदेश उघड्यावर जाणार हे गृहीत धरून सांकेतिक नावे, ठराविक शब्द व मोजके बोलणे ह्यांची शिस्त सैनिकांस शिकविली जाई. 'ओव्हर', 'रॉजर' इ. शब्द आपल्याकडे पोलिसांच्या बोलण्यात दिसतात, त्यांचे मूळ ह्याच शिस्तीत आहे. १७ सप्टेंबर रोजी निजामाने युद्धविराम जाहीर केला तोही नभोवाणीवरूनच. दुसऱ्या दिवशी हैदराबादचे सेनापती एल् एद्रूस हे चौधरी ह्यांना शरण आले.

पोलीस व रेल्वे : देशातील पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेचा मेळ घालणारे केंद्रीय कार्यालय १९४६ मध्ये स्थापन झाले. महाराष्ट्र पोलिसांच्या बिनतारी विभागाचे मुख्यालय पुण्यास आहे. इलेक्ट्रॉन नलिकांच्या जागी ट्रँझिस्टर आल्यावर संच आकाराने लहान झाले व घटमालेवरील भार घटला. त्यामुळे साध्या जीपमध्येही ते सोईने बसू लागले. सु. १५० मेगॅहर्ट्‌झच्या आसपासचे तरंग बव्हंशी सरळ रेषेत जातात. सोलापूर जिल्ह्याचा मोठा भाग सपाट काळ्या मातीचा असल्याने त्यांना तेथे अडथळे थोडे. बार्शीच्या बाजूस बालाघाटच्या टेकड्या आड येतात, अशा ठिकाणी उंचावरील पुनःप्रेषक केंद्राचा आधार घ्यावा लागतो. ह्या यंत्रणेची खरी कसोटी दर वर्षी आषाढीस लागते. आळंदीहून व देहूहून निघालेल्या पालख्या जिल्ह्यात शिरून पंढरपूरनजीक वाखरीस एकत्र येतात, तेव्हा लाखोंच्या गर्दीत वाहन पुढे सरकत नाही. त्यातील आवाज मात्र सरकतो. रेल्वेतही गाडीचा चालक व गार्ड ह्यांना परस्परांशी बोलण्यासाठी हातात धरण्याचे संच पुढे मिळाले.

नागरिक पट्टा : परवाना-परीक्षेवाचून सामान्य माणसाने वापरावयाच्या रेडिओची कल्पना अमेरिकेत १९४५ मध्ये शासनमान्य झाली. १९५८ मध्ये २७ मेगॅहर्ट्‌झच्या आसपास २३ मार्ग त्यासाठी राखण्यात आले. ह्यालाच सिटिझन्स बँड किंवा नागरिक पट्टा असे नाव पडले. प्रेषणशक्ती ४ वॉट, पल्ला सामान्यतः ५ ते १५ किमी. येथे तरंगलांबी सु. ११ मी. असल्याने पाव तरंगलांबीचा आकाशकही पावणेतीन मीटरचा होतो. वाहनावर तो तारेचे वेटोळे घालून आखूड करावा लागतो व त्यात थोडी शक्ती वाया जाते. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तेथे रस्त्यांवर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. मालमोटारचालक ह्या संचांवरून एकमेकांना इंधन कोठे मिळते आणि पुढे पोलीस कोठे उभे आहेत हे सांगू लागले. टोपणनावांनी बोलण्याची हौस सर्वत्र पसरली. अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड ह्यांनीही असे नाव घेतले होते. १ जानेवारी १९७७ पासून मार्ग ४० झाले आणि १९८३ मध्ये वैयक्तिक परवान्याची अटच काढून टाकण्यात आली. ब्रिटनमध्ये हा पट्टा नोव्हेंबर १९८१ मध्ये खुला झाला.

ह्याच वर्षांत सोलापूरहून हैदराबादकडे निघालेल्या मालमोटारीचा चालक गाडी नाक्याबाहेर पडताच सर्वांच्या संपर्काबाहेर जाई. समोरच्या गाडीने दिवे उघडमीट केले की पुढे काही अडचण आहे असे समजावयाचे. रस्त्यात झाडाची फांदी किंवा दगडांची ओळ दिसली की गाडी बंद पडली आहे असे ताडावयाचे. निरोप धाब्यावर ठेवावयाचा, किंवा परतीच्या गाडीबरोबर धाडावयाचा. मालकाशी बोलावयाचे तर गावातील पोस्टात जाऊन ट्रंक कॉल नोंदवावा लागे. अर्थात नागरिक पट्ट्याने हे सर्व मिटले असते असे नव्हे. नळदुर्ग व उमरगा ह्यांच्या दरम्यान आस तुटलेल्या गाडीतून ४ वॉटच्या संचाने सोलापूरच्या कचेरीशी बोलणे होण्यासारखे नव्हते. पण मागून येणाऱ्या दहा गाड्यांना ते ऐकू गेले असते, आणि रात्रीच्या अपघातात तेवढेच महत्त्वाचे असते.

किल्लारीचा भूकंप : ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप होऊन सु. ८,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सोलापूर हे जवळचे मोठे शहर असल्याने जखमी तेथे आणले गेले. मदतीची वाहने गेली ती बहुतेक त्याच नळदुर्ग–उमरगा रस्त्याने. लष्कर व पोलीस ह्यांच्या यंत्रणेबरोबर हौशी रेडिओचालकांनीही आपले संच नेऊन निरोप पोहोचविले. हा वर्ग परीक्षा देऊन व्यक्तिगत परवाना मिळविणाऱ्यांचा. त्यांना एरवी धंद्याचे निरोप पाठविण्यास बंदी असते. नागरिकांच्या हाती प्रेषक असल्याने काय साधते हे ह्या प्रसंगी दिसले, पण अशा परवानाधारकांची संख्या देशात फारच थोडी होती.

परवानामुक्ती : भारतात नागरिक पट्टा परवानामुक्त झाला तो २००५ मध्ये. २६.९५७ ते २७.२८३ मेगॅहर्ट्‌झ ह्या टापूत (अमेरिकेतील ४० पैकी पहिले २७ मार्ग ह्यात बसतात) कमाल ५ वॉट परिणामी प्रेषणशक्तीचे संच कोणासही वापरण्याची मुभा मिळाली. मात्र आकाशक संचातच अंतर्भूत असावा, ही अट घालण्यात आली. अट लहान दिसते. वाहनाच्या दृष्टीने ती निर्णायक आहे. २७ मेगॅहर्ट्‌झच्या वाहनस्थ संचाचा सारा जीव छपरावरील आकाशकात असतो, आणि मालमोटारीच्या पत्र्याच्या केबिनमध्ये ठेवलेल्या संचाचे तरंग त्या पत्र्यानेच अडविले जातात. शिवाय भारतात १९९५ मध्ये सुरू झालेला भ्रमणध्वनी तोपर्यंत महामार्गावरील चालकांच्या खिशात जाऊ लागला होता. त्याने मालकाशी बोलण्याची सोय झाली; पुढच्या वळणावरील अनोळखी चालकाशी बोलण्याची झाली नाही. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगॅहर्ट्‌झ हा आखूड पल्ल्याचा पट्टाही हातातील संचांसाठी मुक्त केला. १८८५ व १९३३ च्या कायद्यांची जागा घेणारा दूरसंचार अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीस ठेवलेल्या वॉकीटॉकी संचांची कंप्रता आणि त्यास परवाना लागतो की नाही, हे ग्राहकास स्पष्ट सांगण्याचे बंधन विक्रेत्यांवर घातले.