बोरूचा कत आणि पेन्सिलीचे टोक

मुलगी आठवीत आहे. यंदा ती शासकीय रेखाकला परीक्षेतल्या एलिमेंटरीला बसतेय. तिच्याकडे दहा रुपयांची पेन पेन्सिल होती. दर दोन ओळींनी लीड तुटायचे आणि तिची चिडचिड व्हायची. शेवटी म्हणाली, “अब्बू, एक चांगली घेऊन द्या. रोज लिहायला पण चालेल आणि चित्राला पण.”

अंबाजोगाईच्या बाजारात गेलो. दुकानदाराने काचेवर पाच-सहा पेन्सिली मांडल्या. दहा रुपयांपासून दीडशेपर्यंत. मी विचारले, यात फरक काय? तो म्हणाला, “सर, लिहितात सगळ्याच. बाकी तुमची हौस.”

उत्तर प्रामाणिक होते, पण पटले नाही. आमच्या घरी एका जुन्या पेटीत आजोबांचे दोन बोरू आहेत. आजोबा निजामाच्या काळातल्या उर्दू शाळेत शिकले. तेव्हा आपल्या अंबाजोगाईचे सरकारी नाव मोमिनाबाद होते. मुलतानी माती फासलेल्या लाकडी तख्तीवर बोरूने लिहायचे आणि धुऊन पुन्हा लिहायचे, अशी त्यांची शाळा. दोन्ही बोरूंची टोके वेगवेगळ्या रुंदीची आहेत. एक मोठ्या अक्षराचा, दुसरा बारीक अक्षराचा. म्हणजे लेखणी निवडून घेण्याची रीत हौसेची नव्हती, ती लिहिण्याच्या शिक्षणाचाच भाग होती. दुकानातून रिकाम्या हाताने परतलो आणि आधी ही रीत समजून घ्यायचे ठरवले.

चाळीस फुटांची पासोडी

सुरुवात गावातूनच करू. दासोपंत इथलेच. त्यांचा जन्म 1551 सालचा, बीदरच्या बरीदशाही मुलखातल्या नारायणपेठचा. वडील दिगंबरपंत तिथले देशपांडे. पुढे दासोपंत अंबाजोगाईला आले आणि 1615 साली इथेच वारले. ‘गीतार्णव’ हा त्यांचा ग्रंथ परंपरेने सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो. त्यांना लिहायला रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची, असे गावात आजही सांगतात. आख्यायिका बाजूला ठेवली तरी त्यांची पासोडी समोर आहे. सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहून काढले. त्यात नुसता मजकूर नाही, आकृत्याही आहेत. वेदान्तातली तत्त्वे आणि त्यांचे एकमेकांशी असलेले नाते त्यांनी रेखाटून दाखवले.

माझ्या मुलीची मागणी आठवा. रोज लिहायलाही चालेल आणि चित्रालाही. दासोपंतांची गरज तीच होती. कापडावर लिहिणे सोपे नसते. आधी खळ द्यावी लागते, घोटून कापड गुळगुळीत करावे लागते, नाहीतर शाई फुटते. चूक झाली तर खोडायची सोय नाही. अशा कामात टोक बोथट झाले, शाई जास्त उतरली किंवा हात दमला, तर सगळे बिघडते.

याच जिल्ह्यातल्या वाहिऱ्याचे म्हणून ओळखले जाणारे शेख महंमद यांनी 1645 साली ‘योगसंग्राम’ पूर्ण केला. पुढे ते श्रीगोंद्याचे झाले. तेही याच बोरूच्या काळातले. मराठी ओवी असो की फारसी फर्मान, साधन एकच होते. लिहिण्याच्या टेबलावरचे आपले शब्दच पाहा. कागद, कलम, दौत, शाई, दफ्तर, मसुदा, मजकूर हे अरबी-फारसीतून आलेले. लेखणी, अक्षर, ओळ, समास हे आपल्याकडचे. एकाच दौतीत दोन्ही बुडालेले आहेत.

कत कसा असावा

बोरू म्हणजे ओढ्याकाठी वाढणारा वेतासारखा गवताचा प्रकार. तो पोकळ असतो. चांगला बोरू घ्यायचा तर कांडी सरळ, टणक, पुरती वाळलेली आणि हातात मावेल एवढी जाड लागते. ओली कांडी कापली तर टोक लवकर मऊ पडते. धारदार चाकूने टोक निमुळते करायचे, मध्ये बारीक चीर द्यायची म्हणजे शाई उतरते आणि शेवटी टोक एका घावात कापायचे. या शेवटच्या छेदाला कातिब लोक कत म्हणतात. कत किती रुंद आणि किती तिरका, यावर अक्षराचे सगळे वळण ठरते. नस्तालिकसाठी एक, नस्खसाठी दुसरा, असा फरक कातिब करत.

या कतातून एक मोठे शास्त्र निघाले. बगदादच्या अब्बासी दरबारात इब्न मुक्ला नावाचा वजीर होऊन गेला. काळ 886 ते 940. त्याने अक्षरांची मापे ठरवली ती कलमाच्या टोकाने. टोक कागदावर टेकवून ओढले की चौकोनी ठिपका उमटतो. अलिफ इतक्या ठिपक्यांचा उंच, बाकीची अक्षरे त्या प्रमाणात. टोक बदलले की ठिपका बदलतो आणि त्यासोबत सगळे अक्षर लहान-मोठे होते, पण प्रमाण बिघडत नाही. राजकारणात हरल्यावर त्याचा उजवा हात तोडला गेला. तरी तो हाताच्या खुंटाला कलम बांधून लिहीत राहिला, असे चरित्रकार सांगतात.

ठिपक्याचा हा नियम आज पेन्सिलीच्या पाकिटावर छापलेला असतो. 0.3, 0.5, 0.7, 0.9. हे मिलिमीटर म्हणजेच आजचा कत. दुकानदाराला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नये, याचा विचारावा.

दफ्तरातले हात

निजामाच्या राज्यात 1880च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. वरच्या कचेरीत उर्दू, गावपातळीवर मराठी आणि तीही बरीचशी मोडीत, असा कारभार मराठवाड्यात चालला. मोडी लिहिताना आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरे तिला टांगत जायचे. फारसीतले घाईचे वळण म्हणजे शिकस्ता. शिकस्ता म्हणजे मोडलेली. मोडीचे नावही लोक ‘मोडणे’शीच जोडतात. दोन भाषांच्या कारकुनांनी वेगासाठी एकच युक्ती केली.

2023 साली मराठवाड्यातल्या निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातही जुनी रेकॉर्ड उघडली गेली. तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. नोंदी होत्या, शाई शाबूत होती, वाचणारे डोळे कमी पडले. त्या वादात इथे शिरायचे नाही. पण एका कारकुनाने शंभर वर्षांपूर्वी नीट धरलेल्या लेखणीवर आज कुणाच्या तरी घराचे भविष्य अवलंबून असू शकते, हे आपण डोळ्यांनी पाहिले.

ती शाई का टिकली? कारण जुनी काळी शाई काजळ आणि डिंक घोटून करत. काजळ म्हणजे कार्बन. तो उन्हाने उडत नाही. गंमत म्हणजे पेन्सिलीतले ग्राफाइटही कार्बनच. आपण त्याला शिसे म्हणतो, पण त्यात शिसे मुळीच नसते. पेन्सिलीची रेघ खोडता येते, पण आपोआप फिकी पडत नाही. शाई पाण्यात कालवावी लागते, पेन्सिल कोरडीच लिहिते, एवढाच दोघींत फरक.

भूकंपातून वाचलेली पेन्सिल

1560च्या दशकात इंग्लंडमधल्या बॉरोडेल इथे ग्राफाइटचा शुद्ध साठा सापडला. 1565 साली कोनराड गेसनर या स्विस विद्वानाने लाकडी नळीत बसवलेल्या कांडीचे चित्र छापले. म्हणजे कांडी वेगळी आणि धरायची नळी वेगळी, ही कल्पना आजच्या लाकडी पेन्सिलीइतकीच जुनी आहे. 1795 साली फ्रान्सच्या निकोला-झाक कोंते याने ग्राफाइटच्या पुडीत चिकणमाती मिसळून कांड्या भाजल्या. माती जास्त तर कांडी कडक, कमी तर मऊ आणि काळी. आपल्या एच आणि बी या खुणांमागे हेच मिश्रण आहे. 1822 साली लंडनमध्ये सॅम्प्सन मॉर्डन आणि जॉन आयझॅक हॉकिन्स यांनी कांडी पुढे सरकवणाऱ्या पेन्सिलीचे पेटंट घेतले.

टोकियोचे तोकुजी हायाकावा हे धातूकाम करणारे कारागीर. 1915 साली त्यांनी धातूची, फिरवल्यावर कांडी पुढे येणारी पेन्सिल बनवली. ती ‘एव्हर-शार्प’ नावाने खपू लागली. 1 सप्टेंबर 1923च्या भूकंपात त्यांचा कारखाना गेला. पत्नी आणि दोन मुलेही गेली. कर्जापोटी पेन्सिलीचे हक्क विकून ते ओसाकाला निघून गेले आणि तिथे नव्याने रेडिओ बनवू लागले. त्यांच्या कंपनीचे नाव मात्र पेन्सिलीवरूनच राहिले. शार्प. आपल्या घरातल्या टीव्ही-कॅल्क्युलेटरवर हे नाव आपण वाचले आहे. जपानी लोक आजही अशा पेन्सिलीला ‘शार्प पेन्सिल’ म्हणतात.

एक अडचण उरली होती. मातीची भाजलेली कांडी फार बारीक केली की तुटते. 1960च्या दशकात जपानच्या पेंटेल कंपनीने मातीऐवजी पॉलिमर वापरून कांड्या बनवल्या. त्या अर्ध्या मिलिमीटरच्या असूनही टिकल्या. तेव्हा कुठे टोक न करता लिहिता येणारी स्वस्त पेन्सिल शाळकरी मुलांच्या हातात आली.

मग निवडायची कशी

एवढे कळल्यावर पुन्हा दुकानात गेलो. आता प्रश्न तयार होते.

पहिला, टोक. रोजच्या लिखाणाला 0.5 पुरते. हात दाबून लिहिणाऱ्याने 0.7 घ्यावी, लीड कमी तुटते. 0.3 बारीक आकृत्यांसाठी, पण तिला हलका हात लागतो. छटा भरायच्या असतील तर यातली कुठलीच नको. त्यासाठी 2 मिलिमीटरची जाड क्लच पेन्सिल किंवा साधी लाकडी 2बी, 4बी बरी.

दुसरा, नळी. टोकाशी लीड जिथून बाहेर येते ती धातूची बारीक नळी पाहावी. लीड आत हलत असेल तर ते तुटणारच. मुलीच्या जुन्या पेन्सिलीचा दोष हाच होता. ती लीडला दोष देत होती, लीड बिचारे चांगले होते. पट्टी लावून रेघा मारायच्या तर नळी लांब आणि स्थिर हवी. मात्र अशी पेन्सिल खिशात टोचते आणि खाली पडली की नळी वाकते. दप्तरात टाकायची तर टोक आत जाणारी घ्यावी.

तिसरा, चिमटा. आत लीड धरणारा छोटा चिमटा असतो. दट्ट्या दोनदा दाबावा आणि टोक कागदावर जरा जोराने टेकवावे. लीड मागे सरकले तर ती पेन्सिल ठेवून द्यावी.

चौथा, तोल. वजन पुढच्या बाजूला असेल तर हाताला दाबावे लागत नाही. पानभर लिहून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. दुकानात निदान चार ओळी तरी लिहाव्यात.

आणि शेवटचा, लीड आपल्या गावात मिळते का? भारी पेन्सिल घेतली आणि तिचे लीड आणायला संभाजीनगरला जावे लागले, तर तिचा उपयोग काय?

या कसोट्यांवर दीडशेची पेन्सिल नापास झाली. तिची नळी हलत होती. पासष्ट रुपयांची 0.5 पास झाली. सोबत एचबी लीडची डबी घेतली आणि छटांसाठी एक लाकडी 4बी. दुकानदार हसून म्हणाला, “सर, पेन्सिलीला एवढं कुणी बघत नाही.” मी म्हटले, “पूर्वी बघायचे.”

घरी आल्यावर मुलीसमोर आजोबांचे बोरू ठेवले. तिच्या अक्षरलेखनाच्या पेपरची तयारी चालू होती. तिने रुंद टोकाचा बोरू शाईत बुडवून एक ठिपका काढला आणि त्याच्या मापाने ‘अ’ लिहिला. मग पेन्सिलीने शेजारी तोच ‘अ’ पाचपट लहान लिहिला. म्हणाली, “अब्बू, दोन्हींचा आकार सारखाच आलाय.” मग तिने तोच आकार उलट्या दिशेने वळवत माझ्याकडून अलिफ लिहून घेतला. माझा अलिफ वाकडा आला. आजोबांनंतर आमच्या घरात बोरू कुणी धरलाच नव्हता. आता रोज संध्याकाळी आम्ही दोघेही एकेक पान लिहितो. ती पेन्सिलीने, मी बोरूने.