टाकें, टँक आणि टँकर

नगरच्या शाळकरी मुलाला ‘टँक’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारा. तो क्षणभरहि न थांबतां लष्करी छावणीच्या बाजूस बोट दाखवील. १९४८ सालीं चिलखती दलाचें शिक्षणकेंद्र येथें स्थापन झालें, १९९४ सालीं रणगाड्यांचें संग्रहालय उघडलें. व्हॅलेंटाईन, चर्चिल, विजयंता हीं नांवें येथील पोरांच्या जिभेवर असतात. पण अकोले तालुक्यांत हरिश्चंद्रगडाच्या वाटाड्याला तोच प्रश्न केला, तर तो ‘टाकें’ एवढेंच ऐकेल आणि खडकांत खोदलेल्या गार पाण्यापाशीं आपणांस नेईल. माझ्या मतें दोघांनाहि पुरे गुण द्यावे लागतील.

हा शब्द इंग्रजांनीं सतराव्या शतकांत आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून उचलला. गुजराथींत टांकूं, जुन्या मराठींत टांकें. पोर्तुगीजांचा ‘तांक’ हाहि तेथें वावरत होता. त्याचें मूळ लॅटिनमध्यें दाखवितात, आणि खरा जनक कोण यावर पंडितांचें एकमत नाहीं. माझा कल अर्थातच आपल्या टाक्याकडे. मात्र कान्हेरीच्या प्राकृत लेखांत टाक्यास ‘पोढी’ म्हटलें आहे, हेंहि सांगितलें पाहिजे.

सरकारी दप्तरांत पुढें कोणताहि तलाव टँक झाला. श्रीगोंदें तालुक्यांतील, १९२७ सालीं पुरा झालेला विसापूरचा तलाव टँकच. मुंबईचा गोवालिया टँक हा गवळ्यांच्या गुरांचा तलाव. तो बुजून मैदान झालें तरी नांव राहिलें. तेथेंच ८ ऑगस्ट १९४२ रोजीं ‘छोडो भारत’चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशीं पहाटे पुढाऱ्यांना पकडलें, आणि नेहरू, पटेल, आझाद प्रभृति मंडळी आमच्या नगरच्या किल्ल्यांत बंदिवान झाली. नेहरूंचा ‘भारताचा शोध’ हा ग्रंथ येथेंच १९४४ सालीं लिहिला गेला.

आतां रणगाड्याकडे वळूं. १९१५ सालीं इंग्लंडांत पोलादी पट्ट्यांवर चालणारी, तोफ वाहणारी गाडी गुप्तपणें तयार होत होती. बाहेर बोलतांना, मेसापोटेमियाच्या वाळवंटांत पाणी नेण्याच्या या गाड्या, असें सांगण्यांत येई. ‘पाणी वाहणारी’ याचीं इंग्रजी आद्याक्षरें शौचकूपाचीं निघालीं! तेव्हां तें नांव टाकून डिसेंबरांत ‘टँक’ हें नांव पक्कें केलें. १५ सप्टेंबर १९१६ रोजीं फ्रान्समध्यें सोमच्या रणांगणावर ती गाडी उतरली. गुपित फुटलें, नांव चिकटलें. मराठीनें ‘रणगाडा’ हा स्वतंत्र शब्द घडविला, हें फार बरें झालें. आमच्या टाक्याच्या अंगास दारूचा वास लागला नाहीं.

निजामशाहींत कापूरवाडीहून खापरी नळांनीं नगरांत पाणी आणून तें हौदांत व बागांत खेळविलें होतें. त्याच जिल्ह्यांत पाथर्डी-पारनेरकडील वाड्यांवर आज वैशाखांत ‘टँकर आला’ अशी हांक उठते आणि बायका हंडे घेऊन धांवतात. पाणी वाहणारी गाडी, हें १९१५ सालचें खोटें येथें शब्दशः खरें झालें आहे. गडावरचीं कित्येक टाकीं गाळानें भरलीं आहेत. व्याकरणदृष्ट्या पाहतां गडावरचें टाकें नपुंसकलिंगी, घरावरची टाकी स्त्रीलिंगी आणि टँकर पुल्लिंगी. उन्हाळ्यांत त्या वाड्यांना पाणी मिळतें तें बहुधा या तिसऱ्याकडून.