जुन्या करवतीच्या आट्यांतला इतिहास

भोसरीच्या एखाद्या जुन्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात तेलाने काळवंडलेले एक यंत्र पुढे-मागे डुलताना दिसते. ही पॉवर हॅक्सॉ, म्हणजे धातू कापणारी यांत्रिक करवत. इतिहासलेखनात मान लेथला मिळाला. पण लेथवर चढणारा प्रत्येक जॉब आधी सळईपासून वेगळा होतो तो इथेच.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली. टेल्कोने १९६६ पासून चिंचवडला आधी यंत्रे व साचे बनविण्याची तयारी केली. पहिले वाहन तेथून १९७७ मध्ये बाहेर पडले. या मोठ्या कारखान्यांभोवती सुटे भाग पुरविणारी शेकडो छोटी वर्कशॉपे वाढली. त्यांतील अनेकांचे पहिले भांडवल म्हणजे कोणीतरी वापरून काढून टाकलेली यंत्रे.

अशा यंत्राची ओळख पटविणे हे शिलालेख वाचण्याइतकेच चिकाटीचे काम आहे. निर्मात्याची पट्टी बहुधा गायब असते, किंवा रंगाच्या चार थरांखाली दबलेली असते. तेव्हा साक्ष द्यावी लागते ती बोल्टांनी.

१८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडमध्ये स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण सुचविले: आट्याचा कोन ५५ अंश. अमेरिकेत १८६४ मध्ये विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा आग्रह धरला. त्यामुळे अर्ध्या इंचाच्या बोल्टवर ब्रिटिश पद्धतीत इंचाला १२ आटे, तर अमेरिकी पद्धतीत १३. मेट्रिक १२ मिलिमीटरच्या बोल्टचे दोन आटे १.७५ मिलिमीटर अंतरावर. दहा-बारा रुपयांना मिळणाऱ्या वस्तूवर साम्राज्यांची भांडणे कोरलेली असतात! आटे मोजणारा गेज लावला की यंत्राचा आराखडा कोणत्या परंपरेतला, हे बरेचसे उघड होते.

साल मात्र एवढ्याने ठरत नाही. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली, ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. पण कारखान्यांतील जुने नमुने आणि टॅप-डाय एका रात्रीत बदलत नाहीत. म्हणून पुढचा साक्षीदार शोधावा लागतो. रुंद सपाट पुली दिसली, तर यंत्र एकेकाळी छताखालच्या सामाईक शाफ्टवरून पट्ट्याने फिरत असण्याची शक्यता आहे. व्ही-बेल्ट आणि स्वतंत्र मोटर असेल, तर रचना नंतरची किंवा नंतर बदललेली. मोटरच्या पट्टीवर फार विसंबू नये; ती जळते आणि बदलली जाते.

दुरुस्तीतही हेच भान लागते. पहिली चूक म्हणजे ग्राइंडर घेऊन रंग खरवडणे. आधी रॉकेलने पुसावे, पट्टीच्या जागी हलक्या हाताने रंग सोडवावा, आणि ओतीव लोखंडावर उठलेली अक्षरे व क्रमांक टिपून घ्यावेत. मग यंत्राचे दुखणे पाहावे. चांगली हॅक्सॉ एका फेरीत कापते आणि परतताना पाते किंचित उचलते. ही उचल बंद पडली की दात घासून बोथट होतात. कट तिरका जात असेल, तर पात्याचा ताण, झिजलेली सरक किंवा गुण्यात नसलेला व्हाइस, यांपैकी काहीतरी गुन्हेगार आहे. सरकेला मार्किंग ब्ल्यू लावून उंचवटे स्क्रेपरने उतरवणे, क्रँकचा गनमेटल बुश नव्याने कातणे, हे वेळखाऊ आहे. पण यंत्र वाचते ते यानेच. व्हिटवर्थ बोल्ट मात्र फेकून मेट्रिक घातले, की यंत्राचा जन्मदाखलाच गेला.

आज चाकणच्या कारखान्यांना माल पुरविणाऱ्या शेडांत बँडसॉ सळई सलग कापते. हॅक्सॉची रिकामी परतफेरी तिला परवडणारी नाही. निकामी ठरलेली यंत्रे भंगारात जातात. या पट्ट्यातील भंगाराचा मोठा बाजार चिखलीच्या कुदळवाडीत होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने अनधिकृत ठरवून तेथील हजारो बांधकामे पाडली. अनेकांची रोजी-रोटी तेथे होती. आणि जुने यंत्र भट्टीत जाण्यापूर्वी एखाद्या जाणत्या कारागिराच्या नजरेस पडण्याची एक जागाही त्यात गेली.