‘ते’ या शब्दाची जागा

चेन्नई म्हणजे पूर्वीचे मद्रास. तेथे १८१२ साली फोर्ट सेंट जॉर्ज कॉलेज स्थापन झाले. कंपनी सरकारच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविणे हा त्याचा हेतू होता. या विद्यार्थ्यांना आपले अगदी साधे बोलणेही उलटे फिरवावे लागे. इंग्रज म्हणतो, ‘दॅट हाउस बाय द रिव्हर’. घर आधी, नदी मागून. तमिळमध्ये नदीकाठ आधी येतो आणि घर शेवटी. मराठीतही आपण ‘ते नदीकाठचे घर’ असेच म्हणतो.

‘त्या नदीकाठचे घर’ म्हटले, की बोट घरावरून नदीकाठाकडे वळते. मराठीत हा भेद दर्शक शब्दाच्या रूपावरून कळतो, इंग्रजीत शब्दांच्या जागेवरून. तमिळमधील ‘अंद’ मात्र रूप बदलत नाही. तेथे पुष्कळदा संदर्भच पाहावा लागतो.

याच कॉलेजचे एक प्रवर्तक फ्रान्सिस व्हाइट एलिस यांनी १८१६ साली, कॅम्बेल यांच्या तेलुगू व्याकरणाला जोडलेल्या निबंधात, तमिळ, तेलुगू व कन्नड यांचे कूळ संस्कृतहून वेगळे असल्याचे दाखविले. त्या कुळात मराठी येत नाही. तरीही वाक्याची ठेवण मराठीची, हिंदीची आणि तमिळची बरीचशी सारखी आहे. १९५६ साली मरे एमेनो यांनी भारताला एक भाषाक्षेत्र म्हटले, ते अशाच साम्यांमुळे. भाषेला कूळ जन्माने मिळते. वळण मात्र शेजाराने लागते.