पिल्लू नर की मादी?

मराठीत कोंबडा पुल्लिंगी, कोंबडी स्त्रीलिंगी आणि पिल्लू नपुंसकलिंगी. उर्दूत नपुंसकलिंगच नाही, त्यामुळे तिथे चूजा सरळ पुल्लिंगी होऊन बसतो. दोन्ही भाषा शिकवताना हा फरक मी मुलांना हटकून सांगतो. इथे मराठी जास्त प्रामाणिक आहे असं मला वाटतं, कारण नुकतंच अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू नर आहे की मादी, हे नुसतं बघून सहसा कळत नाही. ते ओळखण्याची माणसाची धडपड मात्र दोन हजार वर्षांहून जुनी आहे.

आमच्याकडे परसात कोंबड्या असायच्या. खुडूक कोंबडीखाली ठेवायची अंडी नानी एकेक करून पाहायची. टोकदार अंड्यातून कोंबडा, गोलसर अंड्यातून तलंग, हा तिचा हिशेब. पुढे वाचनात आलं की हा वाद फार जुना आहे. लांबट, टोकदार अंड्यातून मादी निघते असं अ‍ॅरिस्टॉटलने लिहिलं, तर पहिल्या शतकातल्या कोलुमेला या रोमन लेखकाने नेमकं उलट लिहिलं. म्हणजे नानी कोलुमेलाच्या बाजूची! प्रत्यक्षात पक्ष्यांमध्ये पिल्लाचं लिंग आईकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, आणि तेही कवच तयार होण्याआधी. कवचाच्या आकारावरून ते सांगता येत नाही.

परसातल्या दहा-बारा पिलांसाठी घाई नसते. दीड-दोन महिन्यांत नराचा तुरा मोठा आणि लाल दिसू लागतो. पुढे त्याच्या मानेवरची आणि पाठीवरची पिसं टोकदार होतात, शेपटीची पिसं वळतात. हजारो पिलं एकदम उबवणाऱ्याचं तसं नसतं. एकगठ्ठा उबवणीही जुनीच आहे. इ.स. १२००च्या सुमारास इजिप्तमध्ये राहिलेले बगदादचे हकीम अब्दुल लतीफ यांनी तिथल्या उबवणी-भट्ट्यांचं तपशीलवार वर्णन केलं आहे. पण विसाव्या शतकात अंड्यांचा स्वतंत्र धंदा उभा राहिला आणि अंडी न देणारा नर म्हणजे नुसता दाण्याचा खर्च ठरला.

उत्तर जपानमधून आलं. कियोशी मासुई, जुरो हाशिमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ साली दाखवून दिलं, की एक दिवसाच्या पिल्लाची विष्ठेची जागा हलकेच उघडली तर नरात आतल्या बाजूला अगदी बारीक उंचवटा दिसतो. १९२७च्या ओटावा इथल्या जागतिक कुक्कुट परिषदेत ही पद्धत जगापुढे आली. पण ती वाचून येणारी विद्या नव्हे. काही माद्यांतही तसा उंचवटा असतो, फरक असतो तो आकारात आणि चकाकीत. उस्तादाशेजारी बसून हजारो पिलं हाताखालून घालावी लागतात, तेव्हा कुठे नजर तयार होते. तयार झालेला माणूस तासाला हजाराच्या आसपास पिलं पाहतो आणि शंभरात दोन-तीनच चुकतो. १९२९ मध्ये केंब्रिजला पनेट आणि पीज यांनी रंगावरूनच नर-मादी कळेल अशी कॅम्बार जात तयार केली. तरी मोठ्या उबवणी केंद्रांत हातांची मागणी टिकली.

१९३०च्या दशकात हे जपानी जाणकार कॅनडा-अमेरिकेत गेले आणि तिथे जन्मलेल्या जपानी वंशाच्या तरुणांनीही हे काम उचललं. मग युद्ध आलं. १९ फेब्रुवारी १९४२च्या आदेशानंतर जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबलं गेलं. त्यांतले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते. उबवणी केंद्रांना मात्र पिलं निवडणारे हवेच होते, म्हणून काहींना या कामासाठी छावणीबाहेर पडता आलं. एकेक पिल्लू हातात घेऊन, निरखून मगच निवडलं जात होतं. निवडणाऱ्यांच्या बाबतीत मात्र त्यांचं नाव आणि चेहरा एवढाच पुरावा पुरला. हा इतिहास वाचताना मी या वाक्यापाशी थांबतो. का, हे माझ्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

आणि वेगळ्या काढलेल्या नरांचं पुढे काय? अंड्यांच्या धंद्यात त्यांना बहुधा पहिल्याच दिवशी मारून टाकतात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून यावर बंदी घातली, त्यामुळे तिथे आता अंड्यातच तपासणी होते. लिंग लवकर कळलं की नकोशाला लवकर दूर करता येतं, हे माणसांच्या बाबतीतही आपण पाहिलं आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रालाच १९८८ मध्ये करावा लागला. तिथे नकोशी मुलगी होती, इथे नर आहे. ओळखणाऱ्या नजरेचा यात दोष नाही. कोण हवं आणि कोण नको, हे ती ठरवत नाही, आपण ठरवतो.

परसात चार पिलं असतील आणि आत्ताच ओळखायची घाई झाली असेल, तर माझा सल्ला साधा आहे. दोन महिने थांबा. तोवर सगळ्यांना सारखेच दाणे टाका.