सहाशे चोवीस आवाजांचं गाणं

मँचेस्टर म्हटलं की मराठी माणसाला गिरण्या आठवतात. इचलकरंजीला 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' म्हणतात ते त्यामुळेच. त्या मँचेस्टरला खेटून वसलेलं स्टॉकपोर्ट हे कापडाचं आणि हॅटच्या कारखान्यांचं गाव. तिथल्या वॉटर्लू रोडवरच्या एका स्टुडिओत चार जणांनी एक प्रेमगीत आधी पुसून टाकलं आणि मग नव्याने उभं केलं. गाण्याचं नाव 'आय अ‍ॅम नॉट इन लव्ह', आणि ते करणारा बँड 'टेन सीसी'. साल होतं १९७५.

स्टुडिओ त्यांचा स्वतःचा होता, हे आधी लक्षात घ्यायला हवं. उत्तर इंग्लंडमधल्या गायक-वादकांना तेव्हा चांगल्या ध्वनिमुद्रणासाठी लंडन गाठावं लागे. 'माइंडबेंडर्स' या बँडमधून पुढे आलेल्या एरिक स्ट्युअर्टने साठच्या दशकाच्या शेवटी आपली कमाई या जागेत घातली. ग्रॅहम गोल्डमननेही पैसे गुंतवले. बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर'वरून नाव ठेवलं 'स्ट्रॉबेरी'. तासाच्या भाड्याचं मीटर डोक्यावर फिरत नसल्यामुळे एखादी खुळी कल्पना कसाला लावून पाहण्याची चैन या मंडळींना परवडत होती.

चौघांच्या प्रकृतीही वेगळ्या होत्या. गोल्डमन हा सरळ, गोड चाली बांधणारा. यार्डबर्ड्सचं 'फॉर युअर लव्ह' आणि हॉलीजचं 'बस स्टॉप' त्याचंच. केव्हिन गॉडली आणि लोल क्रीम हे कलाशाळेत शिकलेले, सतत नवं काही करून पाहणारे. स्ट्युअर्ट गात असे आणि ध्वनिमुद्रणाची बाजूही सांभाळत असे.

गाण्याचं बीज त्याच्या घरातलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती. 'माझ्यावर प्रेम आहे असं तुम्ही म्हणतच नाही,' अशी बायकोची तक्रार. सारखं म्हणत राहिलं तर त्या शब्दांत काही उरणार नाही, असं त्याला वाटे. मग ते न म्हणता कसं सांगायचं? त्याने नायकाला प्रेम साफ नाकारायला लावलं. नायक एकेक सबब देत जातो आणि प्रत्येक सबबीबरोबर आपण त्याची चोरी पकडत जातो. घरी आलेल्या पाहुण्याला पाणी देता देता 'तुझी वाट पाहत नव्हते हं' म्हणावं, आणि दार मात्र सकाळपासून उघडं असावं, तसं हे नाकारणं.

स्ट्युअर्ट आणि गोल्डमनने मिळून ते बांधलं ते बोसानोव्हाच्या झुलत्या लयीत. ध्वनिमुद्रण झालं, आणि गॉडली-क्रीम यांना ते मुळीच आवडलं नाही. चर्चा झाली, गाणं बाद झालं, टेप पुसली गेली. पण चाल तोवर भिंतीबाहेर पडली होती. स्टुडिओत काम करणारी माणसं येता-जाता ती गुणगुणू लागली. लोकांच्या तोंडी बसलेलं गाणं टाकून कसं देणार? विषय पुन्हा निघाला तेव्हा गॉडली म्हणाला, करायचंच तर आजवर कोणी केलं नाही असं करू. वाद्यं नकोत, सगळं आवाजांवर उभं करू.

आता एवढे आवाज आणायचे कुठून? वाद्यवृंदाचा किंवा गायनवृंदाचा भास देणारं मेलोट्रॉन नावाचं वाद्य तेव्हा होतं. त्याच्या प्रत्येक पट्टीला टेपचा एक तुकडा जोडलेला असे. पण आठेक सेकंदांत तो संपे आणि स्वर तुटे. यावर क्रीमने तोडगा सुचवला: टेपची दोन टोकं जोडून वर्तुळ करायचं, म्हणजे स्वर कधी संपणारच नाही.

गोल्डमन, गॉडली आणि क्रीम एका मायक्रोफोनभोवती उभे राहिले आणि एकेका स्वरावर आकार लावू लागले. तिघांनी एक स्वर सोळा वेळा लावला की एका स्वराचे ४८ आवाज होत. कोमल-तीव्र धरून सप्तकातले बारा आणि वरचा तार षड्ज मिळून तेरा स्वर. म्हणजे ६२४ आवाज. नुसत्या या आकारासाठी तीन आठवडे गेले. मग प्रत्येक स्वराचं टेप-वर्तुळ तयार झालं. फीत यंत्रातून निघून समोरच्या माइक-स्टँडला वळसा घालून परत यंत्रात शिरे. या वर्तुळांवरून तेरा स्वर सोळा ट्रॅकच्या टेपवर सलग काही मिनिटं उतरवले गेले.

इथे मिक्सिंगचं टेबलच वाद्य झालं. आवाज कमी-जास्त करणारा एकेक सरकता फेडर म्हणजे एकेक स्वर. चौघांनी फेडर वाटून घेतले आणि चालीबरोबर वर-खाली करत ते अक्षरशः वाजवले. शिवाय फेडर तळाशी पूर्ण बंद होऊ नयेत म्हणून खालच्या बाजूला चिकटपट्टी लावली. त्यामुळे सगळे स्वर क्षीणपणे, अखंड गुंजत राहिले. मैफलीत तानपुरा कोणी मुद्दाम ऐकत नाही, पण तो थांबला तर खोली रिकामी वाटते. या गाण्यात ती जागा त्या गुंजनाची आहे. तिघांचे सूर दर वेळी केसाएवढे इकडे-तिकडे होत, आणि त्या बारीक फरकांनीच तो ध्वनी यंत्राचा न राहता माणसांचा राहिला.

बाकी साथ मोजकी: स्ट्युअर्टचा इलेक्ट्रिक पियानो, गोल्डमनची गिटार, आणि ड्रमच्या जागी गॉडलीने मूग सिंथेसायझरवर दिलेला हृदयाच्या ठोक्यासारखा ठेका. मध्ये एक जागा मोकळी राहिली होती. नेमकी त्याच वेळी स्टुडिओची रिसेप्शनिस्ट 'एरिक, तुमचा फोन आहे' हे सांगायला दबक्या आवाजात आत आली. क्रीमने तो आवाज हेरला. मी गायिका नाही म्हणून ती आढेवेढे घेत होती. पण गाण्याच्या मध्यावर ऐकू येणारी, रडू नकोस अशी समजूत घालणारी कुजबुज तिचीच.

हेच गाणं ऐकून फोनोग्राम कंपनीने आपल्याशी करार केला, असं स्ट्युअर्ट सांगत असे. तरीही आधी बाहेर आलं ते 'लाइफ इज अ मिनस्ट्रोनी'. सहा मिनिटांचं संथ गाणं रेडिओवर कोण लावणार, ही धास्ती होती. अखेर मे १९७५मध्ये ते सिंगल म्हणून निघालं, आणि २८ जूनपासून दोन आठवडे ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत अग्रस्थानी राहिलं. अमेरिकेत ते तीन आठवडे दुसऱ्या क्रमांकावर अडलं, आणि त्या तीन आठवड्यांत त्याच्या वर तीन वेगवेगळी गाणी होती. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरअखेर, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फारूख बलसाराचं, म्हणजे फ्रेडी मर्क्युरीचं, 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आलं. तेही जवळजवळ सहा मिनिटांचं आणि तेही आवाजांचे थर रचून केलेलं.

पुढच्याच वर्षी गॉडली आणि क्रीम बँड सोडून गेले. गाणं लिहिलं होतं दुसऱ्या दोघांनी. पण ते ज्या ध्वनीसाठी ओळखलं जातं, तो सुचला होता मूळ गाणं न आवडलेल्या या दोघांना. १९९३मध्ये स्टुडिओही बंद झाला. २०१४च्या 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी' या चित्रपटाची सुरुवात मात्र याच गाण्याने होते: इस्पितळाचा बोळ, आत अखेरच्या घटका मोजणारी आई, आणि बाहेर कानांना वॉकमन लावून तो आकार ऐकत बसलेला लहान मुलगा.